शंकासूर: पंखांवरून जाणारा पराग

शंकासुराचं फूल दिसलं की आधी पाकळ्या मोजा. चार चटकन दिसतात, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या, लाल-केशरी, पिवळ्या काठाच्या. पाचवी शोधावी लागते. ती वरच्या अंगाला असते, लहानशी, आणि तिचा देठाकडचा भाग वळून बारीक नळी झालेली असते. मधुरस त्या नळीच्या तळाशी. तिथवर लांब, बारीक सोंडच पोचते, म्हणजे फुलपाखराची.

फुलातून दहा लाल पुंकेसर पाच-सहा सेंटिमीटर बाहेर आलेले असतात. मला या झुडपाचं खरं अप्रूप वाटतं ते इथे. लिंबावर वाढणारी मोठी फुलपाखरं रस पितानाही पंख फडफडवत राहतात. ते पंख पुंकेसरांना घासतात, पराग पंखांना चिकटतो आणि पुढच्या फुलाच्या तितक्याच लांब स्त्रीकेसरावर जाऊन पडतो. पायांवरून किंवा अंगावरून जाणारा पराग आपल्याला ठाऊक असतो. इथे तो पंखांवरून जातो.

बरेच जण याला छोटा गुलमोहर समजतात. दोघंही शेंगांच्या कुळातले, पण गुलमोहर मादागास्करचा आणि शंकासूर अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. बार्बाडोसचं ते राष्ट्रीय फूल आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये शंकासुराला दिलेल्या शास्त्रीय नावातल्या ‘पुल्चेरिमा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘सर्वांत सुंदर’.

लावायला सोपं झुडूप. दिवसभर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन, एवढं त्याला पुरतं. हरभरा-तुरीसारख्या नत्राच्या गाठी मात्र याच्या मुळांवर नसतात, तेव्हा वर्षातून एकदा शेणखत घालावं. बीचं कवच टणक असतं. एका बाजूने कानशीने किंचित घासून रात्रभर पाण्यात भिजवलं की ती लवकर रुजते. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, म्हणून थंडी सरताना हात आखडता न घेता छाटणी करा. फक्त काटे सांभाळा.

शेंगा वाळल्या की उन्हात टक्कन तडकतात, दोन्ही टरफलं पिळासारखी वळतात आणि चपट्या बिया लांब उडतात. त्या तोंडात घालू नयेत, मुलांना तर मुळीच देऊ नयेत. त्या विषारी असतात.

या बियांचा एक उल्लेख वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. मारिया सिबिला मेरियान ही चित्रकार १६९९ मध्ये किडे आणि त्यांची स्थित्यंतरं अभ्यासायला दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. तिथल्या गुलाम बायकांनी तिला सांगितलं की, आपली मुलं गुलाम होऊ नयेत म्हणून त्या या बिया खाऊन गर्भ पाडतात. १७०५ मध्ये तिने ते छापलं. सोबतच्या चित्रात शंकासुराची फुललेली फांदी आहे आणि तिच्यावर एक हिरवा सुरवंट.