नदीपासून रक्तवाहिनीपर्यंत : प्रवाह-नियंत्रणाच्या तंत्राचा प्रवास

१८३२ साली मायकेल फॅरेडेने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याचे पत्रे सोडले आणि त्यांच्या तारा गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे क्षीण वीजप्रवाह दाखवणाऱ्या यंत्राला, जोडल्या. चुंबकीय क्षेत्रातून वीजवाहक सरकला की त्यात वीजदाब तयार होतो, हे त्याने नुकतंच दाखवून दिलं होतं. नदीचं पाणीही वाहकच आणि पृथ्वीचं चुंबकत्व तर आयतंच आहे. तेव्हा त्या दाबावरून पाण्याचा वेग कळायला हवा, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता, पण पाणी आणि पत्रे यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळेही वीजदाब तयार होत होता आणि त्यात नदीचा क्षीण संकेत हरवून गेला.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो हाच फसलेला प्रयोग. कारण या कल्पनेला पुढे शंभरेक वर्षांनी जे पहिलं खरं काम मिळालं, ते नदीतलं नव्हतंच. १९३६ मध्ये अलेक्झांडर कोलिन यांनी त्याच तत्त्वावर रक्तवाहिनीतला प्रवाह मोजण्याची पद्धत मांडली. रक्त खारट, म्हणून वीजवाहक. आणि नळी इतकी बारीक की तिच्याभोवती पृथ्वीपेक्षा कितीतरी बलवान चुंबक सहज बसवता येतं. चुंबकाची दिशा सतत उलटसुलट करत राहिलं, की रासायनिक क्रियेमुळे आलेला दाब खऱ्या संकेतापासून वेगळा काढता येतो, हेही पुढे हाती आलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये हेच मीटर गाळ उपसणाऱ्या जहाजांवर चढलं. वाळूमिश्रित पाण्यात इतर मीटरांमधलं फिरतं पातं झिजतं, अरुंद भोक तुंबतं; या मीटरच्या नळीत मात्र प्रवाहाला आडवं येणारं काहीच नसतं. तिथून ते कागदाच्या लगद्याकडे, सांडपाण्याकडे, आम्लांकडे आणि दुधाकडे गेलं.

दुधापर्यंत पोचताना तत्त्व जसंच्या तसं राहिलं, पण बाकीचं जवळजवळ सगळं बदललं. गाळाच्या मीटरला आतून रबराचं अस्तर चालतं. आम्लाला टेफ्लॉन लागतं. दुधाच्या मीटरला कुठेही फट चालत नाही, कारण फटीत अडकलेला थेंब म्हणजे जंतूंना घर मिळालं. शिवाय पाइपलाइन न खोलता आतल्या आत गरम कॉस्टिक (तीव्र अल्कली) आणि आम्ल फिरवून धुण्याची पद्धत डेअरीत रुळली, तेव्हा मीटरला त्या धुण्यातही टिकावं लागलं. पेट्रोलच्या दारात मात्र हे मीटर थांबलं. पेट्रोल वीज वाहून नेत नाही. तिथे दुसऱ्याच घराण्यातलं मीटर कामी आलं: गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस याने १८३५ मध्ये मांडलेल्या बलावर चालणारं, कंप पावणाऱ्या नळीतून थेट वस्तुमान सांगणारं. ते बाजारात यायला १९७०च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला.

नुसतं मोजून भागत नाही, प्रवाह आवरावाही लागतो. आणि आवरण्याचा इतिहास मोजण्याहून जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टेसिबियसने पाण्याच्या घड्याळात पातळी कायम राखण्यासाठी तरंगता गोळा वापरला. नवव्या शतकात बगदादच्या बनू मुसा बंधूंच्या यंत्रांत तो दिसतो, अठराव्या शतकात वाफेच्या बॉयलरमध्ये, आणि आज संडासाच्या फ्लश टाकीत. गोळ्याची खुबी अशी की जाणणारा आणि झडप हलवणारा तो एकच. मर्यादाही तीच. जाणायचं एकीकडे आणि झडप हलवायची शंभर मीटर दूर, तर दोघांमध्ये निरोप्या हवा.

तो निरोप्या विसाव्या शतकात आला. आधी रिफायनऱ्या आणि रसायन कारखान्यांत हवेच्या दाबाचा, ३ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). नंतर विजेचा, ४ ते २० मिलिॲम्पिअर. मोजणी शून्यापासून का नाही, यात मोठं शहाणपण आहे. टाकी रिकामी असेल तर तारेत ४ येतात. तार तुटली तर शून्य. म्हणजे ‘काही नाही’ आणि ‘कळत नाही’ यांतला फरक निरोपातच दिसतो. माझ्या मते उद्योगांमधल्या भिंती खऱ्या अर्थाने इथे पडल्या. तारेत १२ मिलिॲम्पिअर आले, तर ते दुधाच्या टाकीतून आले की सांडपाण्याच्या, हे कंट्रोलरला, म्हणजे निरोप वाचून झडपेला हुकूम देणाऱ्या यंत्राला, ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मोटार कारखान्यांतले रिलेंचे (विजेवर चालणाऱ्या स्विचांचे) पॅनेल हटवण्यासाठी आलेला पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅम बदलता येणारा कंट्रोलर, पुढे पाणी शुद्धीकरण केंद्रांत आणि बाटल्या भरण्याच्या लाइनवर इतक्या सहजपणे बसला, तो यामुळेच.

पण बिघाड झाला तर झडपेने कुठे जायचं, हे कंट्रोलर ठरवू शकत नाही. ते त्या-त्या धंद्यालाच ठरवावं लागतं. पाश्चरीकरणाच्या यंत्रात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद राहतं. ज्या नळीत ते इतका वेळ घालवतं, तिच्या शेवटी तापमानाचा सेन्सर असतो आणि पुढे दूध वळवणारी झडप. तापमान घसरलं, किंवा वीज वा हवा गेली, की स्प्रिंगच्या जोरावर झडप फिरते आणि दूध परत कच्च्या दुधाच्या टाकीत जातं. म्हणजे इथे सुरक्षित दिशा ‘मागे’. डायलिसिसच्या यंत्रात शुद्ध झालेलं रक्त शरीरात परतण्याआधी अल्ट्रासाउंडचा सेन्सर बुडबुडे शोधतो. हवा दिसताच नळीवरचा चिमटा बंद होतो आणि रक्ताचा पंप थांबतो. तिथे सुरक्षित दिशा ‘थांब’. भट्टीच्या इंधनाची झडप बिघाडात बंद व्हायला हवी, तर तापणाऱ्या रिॲक्टरच्या थंड पाण्याची झडप उघडायला हवी. सेन्सर आणि झडपेची अशी जोडी एका उद्योगातून दुसऱ्यात नेताना हा प्रश्न विचारायचा राहिला, तर उत्तम उपकरणही घातक ठरतं.

कधी कधी एका उद्योगाने मोजलेली किंमत दुसऱ्यांच्या कामी येते. १९१३ मध्ये वेल्समधल्या सेंगेनिड खाणीतल्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. संशयितांत खाणीतल्या विजेच्या घंटेची ठिणगीही होती. त्यानंतर घंटेच्या सर्किटवर जे संशोधन झालं, त्यातून एक विचार पुढे आला: सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडली तरी खाणीतला ज्वलनशील वायू पेटू नये. आज पेट्रोलच्या टाकीवर लेव्हल सेन्सर निर्धास्तपणे बसवला जातो, त्यामागे हा खाणीतला धडा आहे.

तरीही टाक्या भरून वाहतात. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोत ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. पहाटे तीनच्या सुमारास, टाकी सुमारे दोन तृतीयांश भरलेली असताना, पातळी दाखवणारं गेज अडकलं. पडद्यावरचा आकडा स्थिर, टाकी मात्र चढत होती. अशा वेळेसाठीच वेगळा, स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच बसवलेला होता. त्याला तपासणीसाठी एक दांडी होती आणि तपासणी झाल्यावर ती कामाच्या जागी टिकून राहावी म्हणून कुलूप लावणं आवश्यक होतं. ते कुलूप केवळ कुणी छेडछाड करू नये म्हणून असतं, असा समज झाला. कुलूप लागलंच नाही आणि स्विच निकामी राहिला. पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून वाहू लागलं, वाफेचा ढग पसरला आणि ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. रविवारची पहाट होती, म्हणून जीवितहानी टळली. चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा मोठ्या पेट्रोल टाक्यांना गेजपासून पूर्ण स्वतंत्र, आपोआप भरणं थांबवणारी यंत्रणा आणि तिची ठरावीक काळाने चाचणी यांचा आग्रह धरला गेला.