शाफ्टमधला तडा आणि संगणकाचे गणित

गाळप हंगाम संपला की सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांत घाण्याचे रोलर उतरवले जातात आणि शाफ्टची अल्ट्रासोनिक तपासणी होते. तडा आढळला, तर हा शाफ्ट पुढचा हंगाम काढेल का, असा प्रश्न उभा राहतो. मिनिटाला चार फेरे आणि दीडशे दिवसांचे गाळप धरले, तर त्याला आणखी ८,६४,००० वेळा वाकण्याचा ताण सोसायचा असतो.

असा ताण सोसून लोखंड थकते, हे रेल्वेने शिकवले. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे जर्मनीत आउगुस्ट व्योलर यांनी आसांच्या थकव्यावर वर्षानुवर्षे चाचण्या घेतल्या. त्यांतून अखंड आस किती फेऱ्या टिकेल हे कळले, तडा गेलेला किती टिकेल हे नाही. त्यासाठी तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटतो याचे माप हवे होते. ते १९५७ मध्ये अमेरिकी संशोधक जॉर्ज अर्विन यांनी दिले.

या मापाच्या चढउतारावर तड्याची प्रत्येक फेरीतील वाढ ठरते, असे पॉल पॅरिस यांनी १९६१ मध्ये मांडले. नामांकित नियतकालिकांनी नाकारलेला हा लेख अखेर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. पोलादासाठी या सूत्रातील घातांक साधारण ३ असतो; म्हणजे ताण दुप्पट झाला, की तडा आठपट वेगाने वाढतो.

हे माप संगणकावर काढताना शाफ्टचे लहान लहान घटकांच्या जाळीत तुकडे कल्पून प्रत्येकातील ताण मोजतात. त्यात खरी अडचण भूमितीची होती. सिद्धांतानुसार तड्याच्या टोकाशी ताण अनंत होतो, तो साध्या जाळीला पकडता येईना. १९७० च्या दशकाच्या मध्यास युक्ती सापडली ती फारच सोपी: टोकालगतच्या घटकांच्या बाजूंवरील मधले बिंदू टोकाकडे पाव अंतरावर सरकवायचे. तरीही तडा पुढे सरकला की जाळी नव्याने विणावी लागे. १९९९ मध्ये बेलिच्को आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीने तड्याला घटकाच्या पोटातून जाऊ दिले.

माझ्या मते आज चूक होते ती जाळीत नव्हे, भाराच्या नोंदीत. उसाबरोबर लोखंडाचा तुकडा घाण्यात गेला, तर त्या एका धक्क्याने तडा एकदम पुढे सरकेलच असे नाही. टोकापाशी धातू कायमचा ताणला गेल्याने नंतरची वाढ काही काळ मंदावूही शकते. सगळ्या फेऱ्या सारख्याच मानणाऱ्या संगणकीय प्रतिमानाला याचा पत्ता नसतो. शिवाय लहान तडा फार सावकाश वाढतो, म्हणून बहुतेक आयुष्य त्याच टप्प्यात सरते. तपासनीसाने तडा २ मिलिमीटर लिहिला की ४, यावर उरलेल्या हंगामांचा हिशेबच बदलतो.