रॅमच्या दुप्पट स्वॅप: एका नियमाची आणि लिनक्सच्या शीतनिद्रेची पार्श्वभूमी

लिनक्स बसवताना डिस्कचे भाग पाडायची वेळ आली की आजही कोणीतरी सांगतेच, की स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडल्यास तिच्यातील मजकूर उतरवून ठेवायची डिस्कवरील जागा, रॅमच्या दुप्पट ठेवावा. १६ गीगाबाइट रॅम असलेल्या यंत्रावर खरोखरच ३२ गीगाबाइट जागा अडवून ठेवायची का, हे ठरवण्याआधी हा नियम कुठून आला, तो कोणत्या काळात खरा होता आणि स्वॅपच्याच जागेत हायबरनेशन, म्हणजे स्मृती डिस्कवर जतन करून यंत्र पूर्ण बंद करण्याची शीतनिद्रेची सोय, कशी येऊन राहिली, हे पाहायला हवे. या दोन सोयींचा उगम वेगवेगळा आहे, आणि त्या एकाच जागेत नांदत असल्यामुळे त्यांच्याविषयीचे हिशेब एकमेकांत मिसळून गेले आहेत.

अपुऱ्या स्मृतीला डिस्कची जोड देण्याची कल्पना लिनक्सपेक्षा पुष्कळ जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ॲटलस संगणक १९६२मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यातील वेगवान पण महागडी कोअर स्मृती आणि संथ पण मोठे चुंबकीय ड्रम हे दोन्ही मिळून प्रोग्रामला एकच सलग स्मृती दिसावी, अशी व्यवस्था त्यात होती. स्मृतीची ५१२ शब्दांची पाने पाडून लागेल ते पान ड्रमवरून आणायचे आणि न लागणारे परत पाठवायचे, हे काम यंत्र स्वतःच करत असे. सुरुवातीच्या युनिक्समध्ये मात्र एवढी बारीक सोय नव्हती. पीडीपी-११ यंत्रावर जागा कमी पडली की संपूर्ण प्रोसेसच, म्हणजे चालू असलेला अख्खा प्रोग्राम, डिस्कवर नेऊन ठेवली जाई आणि तिच्या जागी दुसरी आणली जाई. स्वॅप, म्हणजे अदलाबदल, हा शब्द या पद्धतीला अगदी चपखल बसतो. पुढे बर्कली विद्यापीठात ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी व्हॅक्स यंत्रासाठी पानापानाने चालणारी आभासी स्मृती युनिक्समध्ये आणली आणि ती १९७९च्या ३बीएसडी या बर्कलीच्या युनिक्स आवृत्तीत आली. पद्धत बदलली, तरी जुने नाव तसेच राहिले.

दुप्पटीच्या नियमाचे एक मूळ याच परंपरेत सापडते. त्या घराण्यातील काही जुन्या प्रणालींत प्रोसेसने मागितलेल्या प्रत्येक पानासाठी डिस्कवर जागा आधीच राखून ठेवली जात असे. अशा यंत्रावर स्वॅप रॅमपेक्षा लहान असेल, तर विकत घेतलेली रॅमसुद्धा पुरती वापरता येत नसे.

लिनक्समध्ये स्वॅप आला तो एका वापरकर्त्याच्या अडचणीपायी. २ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कंपाइल करता येत नाही, अशी तक्रार जर्मनीतील एकाने केली आणि लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१च्या नाताळच्या दिवसांत पाने डिस्कवर पाठवण्याची सोय लिहून काढली. जानेवारी १९९२च्या ०.१२ आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरमध्ये ४ किलोबाइटच्या पानांची व्यवस्था होतीच; तिचा लाभ घेत लिनक्सने सुरुवातीपासून पानांचीच ने-आण केली, संपूर्ण प्रोसेस उचलण्याचा मार्ग धरला नाही.

त्या काळची स्वॅपची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. स्वॅपच्या पहिल्या पानात दर पानामागे एक बिट असा नकाशा असे आणि त्या पानाच्या शेवटच्या १० बाइटांत ओळखीची खूण लिहिलेली असे. उरलेल्या ४०८६ बाइटांत ३२,६८८ बिट मावतात, म्हणून एक स्वॅप क्षेत्र सुमारे १२८ मेगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नसे आणि अधिक जागा हवी असणाऱ्यांना अनेक विभाजने, म्हणजे डिस्कचे स्वतंत्र भाग, करावी लागत. नव्या रचनेमुळे ही मर्यादा १९९९च्या २.२ आवृत्तीपर्यंत दूर झाली.

दुप्पटीचा नियम लिनक्समध्ये खऱ्या अर्थाने लागू होता, तो २००१च्या जानेवारीत आलेल्या २.४च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत. त्यांत स्वॅपमधून परत रॅममध्ये आणलेल्या पानाची डिस्कवरील जागा मोकळी केली जात नसे. एकच पान दोन्हीकडे जागा अडवून बसे. त्यामुळे रॅमएवढाच स्वॅप ठेवला तर एकूण क्षमतेत फारशी भर पडत नसे, आणि दुप्पट ठेवा हा सल्ला तेव्हा अगदी योग्य होता. मात्र स्मृतिव्यवस्थेबद्दलच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेच्या मध्यावरच, सप्टेंबर २००१च्या २.४.१० आवृत्तीत, रिक व्हॅन रील यांच्या रचनेच्या जागी आंद्रेआ आर्कान्जेली यांची रचना बसवण्यात आली. स्वॅपच्या जागेची ही विशिष्ट अडचण त्या काळातच मिटली, आणि तिच्यासाठी दिलेला सल्ला मात्र कारण गळून पडल्यावरही पाठांतराने पुढे चालत राहिला.

डिसेंबर २००३च्या २.६मध्ये स्वॅपिनेस हा आकडा ६० या मूळ मूल्यासह रूढ झाला. रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू होतो, असा त्याचा सर्रास लावला जाणारा अर्थ चुकीचा आहे. स्मृती मोकळी करायची वेळ आल्यावर फाइलींची पाने टाकून द्यायची की प्रोग्रामांची स्वतःची पाने स्वॅपमध्ये पाठवायची, यांतील कल तो ठरवतो. याच आवृत्तीपासून स्वॅप फाइलही स्वतंत्र विभाजनाच्या तोडीची चालू लागली.

हायबरनेशनची कथा वेगळ्या बाजूने सुरू होते. १९९०च्या दशकातील अनेक लॅपटॉपवर स्मृती डिस्कवर उतरवून यंत्र बंद करण्याचे काम बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा त्यातला मूळ प्रोग्रामच, करत असे आणि त्यासाठी त्याची स्वतःची राखीव जागा लागे. हे काम बायोसवर न सोपवता कर्नलनेच करावे, या विचाराने गाबोर कुटी आणि पावेल माखेक यांनी स्वॉसस्प लिहिले, आणि ते २००२मध्ये २.५ या विकासमालिकेत दाखल झाले. स्मृतीची प्रतिमा ठेवायला स्वॅपच निवडला गेला, यामागे भक्कम कारण होते. स्वॅप विभाजनाची जागा कोणत्याही फाइलसिस्टिमच्या, म्हणजे फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, ताब्यात नसते, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू होताना एकही फाइलसिस्टिम माउंट न करता, म्हणजे वापरासाठी न जोडता, प्रतिमा वाचता येते. मधल्या काळात डिस्कवर काही लिहिले गेले, तर जागे झालेल्या कर्नलची समजूत आणि डिस्कवरील वास्तव यांत फरक पडतो आणि माहिती नष्ट होते. म्हणूनच प्रतिमा लिहिताना स्वॅपच्या खुणेच्या जागी वेगळी खूण उमटवली जाते आणि वाचताच मूळ खूण परत बसवली जाते, म्हणजे एकच प्रतिमा दुसऱ्यांदा वापरली जाऊ नये.

पुढची काही वर्षे मतभेदांची होती. पॅट्रिक मोशेल यांनी पीएमडिस्क ही वेगळी शाखा काढली, ती २००४मध्ये मूळ प्रवाहात परतली. नायजेल कनिंगहॅम यांचे सस्पेंड२, जे पुढे टक्सऑनआइस या नावाने ओळखले गेले, ते अधिक समर्थ होते असे माझे मत आहे. कर्नलच्या पद्धतीत स्मृतीची आधी रॅममध्येच नक्कल होते, म्हणून प्रतिमा रॅमच्या सुमारे निम्म्याहून मोठी होऊ शकत नाही; कनिंगहॅम यांनी काही पाने आधी लिहून टाकून त्याच जागेत उरलेल्यांची नक्कल केली आणि ही अट ओलांडली. तरीही ते मुख्य कर्नलमध्ये कधीच आले नाही. राफाएल विसोत्स्की यांच्या कामातून २००६मध्ये प्रतिमा लिहिण्याचे काम कर्नलबाहेरील प्रोग्रामकडे देण्याची सोय झाली, आणि २००७च्या २.६.२० आवृत्तीपासून स्वॅप फाइलवरही हायबरनेशन शक्य झाले.

आज कर्नल प्रतिमेचा आकार रॅमच्या दोन पंचमांशाच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करतो. तेव्हा हायबरनेशनसाठीही दुप्पट जागा लागत नाही. स्वॅप आधीच काही प्रमाणात भरलेला असू शकतो हे धरून रॅमएवढी जागा ठेवली, की सहसा निभावते.

वितरणांनी, म्हणजे उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांनी, मात्र या सोयीपासून हात आखडता घेतला आहे. उबुंटूच्या १२.०४ आवृत्तीत ती मूळ मांडणीतून काढली गेली. २०१९च्या ५.४ कर्नलमध्ये चालू कर्नलमध्ये फेरफार होऊ न देणारे लॉकडाउन आले. ते सुरू असताना हायबरनेशन नाकारले जाते, कारण डिस्कवरील प्रतिमेत कोणी फेरफार केला तर तो थेट कर्नलमध्ये शिरू शकतो. अनेक वितरणांत सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, सुरू असली की हीच बंदी लागू होते. २०२०च्या फेडोरा ३३ने तर स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवणारा झेडरॅम मूळ सोय म्हणून स्वीकारला. वीज गेली की झेडरॅमही जातो, त्यामुळे त्यावर प्रतिमा ठेवता येत नाही. हायबरनेशन हवे असणाऱ्याला झेडरॅमबरोबर डिस्कवरचा स्वॅप कमी प्राधान्याने जोडावा लागतो: रोजची पाने आधी झेडरॅममध्ये जातात आणि डिस्कवरील जागा बहुधा प्रतिमेसाठी मोकळी राहते.