छळ होईल तिथे परत पाठवू नये : या नियमाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं आणि पुण्यात शिकणाऱ्या अफगाण मुलांवर व्हिसाच्या तारखा मोजायची वेळ आली. पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू झाली ती मुळी त्यांच्यासाठीच. पण या मुलांचा इथल्या कायद्याशी संबंध येतो तो बहुधा पोलिसांच्या परकीय नागरिक नोंदणीपुरता: नोंदणी, मुदतवाढ, जाण्याची परवानगी. ‘परत गेलो तर मला मारहाण होईल, तुरुंगात डांबतील’ असं कुणी म्हटलं, तर त्याला भारतीय कायद्यात स्वतंत्र कलम नाही. २०११ च्या अखेरीस केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा लोकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची एक कार्यपद्धती ठरवली, पण ती प्रशासकीय सोय झाली. ती हक्क म्हणून मागता येत नाही.

मराठी वाचकाची या विषयाशी जुनी ओळख आहे, फक्त आपण ती धाडसकथा म्हणून वाचत आलो. ८ जुलै १९१० रोजी मार्सेच्या बंदरात फर्ग्युसनचे माजी विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून समुद्रात उतरले, पोहत धक्क्याला लागले आणि पळत सुटले. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरलं आणि ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केलं. पुढे फ्रान्सने तक्रार केली आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा: हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, पण कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. त्या निवाड्यात पक्षकार दोनच, फ्रान्स आणि ब्रिटन. वाद फ्रान्सच्या भूमीवरच्या अधिकाराचा होता. ज्याला नेलं त्याचं पुढे काय होणार, हा मुद्दा त्यात येतच नाही. अंदमानात काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको.

तेव्हा हा सगळा मामला दोन सरकारांमधला होता. माणसाला त्यात स्वतःचं म्हणणं मिळायला आणखी काही दशकं आणि एक महायुद्ध जावं लागलं.

१९३३ च्या निर्वासितविषयक करारात परत न ढकलण्याचं कलम आलं, पण त्याला मान्यता देणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९३९ मध्ये ‘सेंट लुई’ बोटीवरचे नऊशेहून अधिक प्रवासी, बहुतेक जर्मन ज्यू, क्यूबाने आणि मग अमेरिकेने दारातून परत लावले. युरोपात परतलेल्यांपैकी २५० हून अधिक पुढे नाझींच्या हत्याकांडात गेले. युद्ध संपलं तेव्हा उलटा प्रकार झाला. ऑस्ट्रियातल्या लिएन्झला ब्रिटिश सैन्याने जर्मनांच्या बाजूने लढलेल्या हजारो कोसॅकांना (दक्षिण रशियातले लढवय्ये लोक), त्यांच्या बायकामुलांसकट, सोव्हिएत सैन्याच्या हवाली केलं, आणि तेही लाठ्या चालवून. जेत्यांनीच केलेलं हे काम असल्याने त्याची चर्चा कमी होते. आपल्याकडे त्याच सुमारास कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांतल्या अनेकांनी कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडला न परतता ब्रिटनची किंवा ऑस्ट्रेलियाची वाट धरली. ती निवड त्यांना करता आली, हे महत्त्वाचं.

१९५१ च्या निर्वासित करारातलं कलम ३३ या अनुभवांतून आलं. पण त्यात एक फट ठेवली होती: देशाच्या सुरक्षेला धोका असेल, तर संरक्षण नाही. १९८४ च्या छळविरोधी कराराने ती बुजवली. त्याचं कलम ३ सांगतं की छळ होईल असं मानायला ठोस कारण असेल तर त्या देशात कुणालाही पाठवू नये, हद्दपारीने नाही आणि प्रत्यार्पणानेही नाही. निर्वासित असो, खुनी असो वा दहशतवादाचा संशयित, फरक पडत नाही.

हे कागदावरचं वाक्य न्यायालयात उभं राहिलं ते स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. १९८९ मध्ये सोअरिंग या जर्मन तरुणाला खुनाच्या खटल्यासाठी अमेरिकेला देण्यावर आक्षेप निघाला, कारण तिथे फाशीच्या कोठडीत वर्षानुवर्षं काढावी लागली असती. पण आपल्या दृष्टीने मोठा निकाल १५ नोव्हेंबर १९९६ चा. करमजितसिंग चहल हा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला शीख. खलिस्तानी चळवळीशी संबंधाचा आरोप ठेवून ब्रिटनने त्याला भारतात पाठवायचं ठरवलं आणि ऑगस्ट १९९० पासून तुरुंगात ठेवलं. १९८४ मध्ये पंजाब पोलिसांनी आपला छळ केला, असं तो सांगत होता. भारत सरकारने त्याच्या सुरक्षिततेची हमी दिली. न्यायाधीशांनी बारा विरुद्ध सात मतांनी ती अपुरी ठरवली: दिल्लीचा हेतू चांगला असेल, पण पंजाब पोलिसांतल्या बेलगाम लोकांवर तिचा ताबा आहे असं दिसत नाही. सुरक्षेचा धोका एका पारड्यात आणि छळाची भीती दुसऱ्या पारड्यात, असं तोलायचंच नाही, हेही त्यांनी सांगितलं. पुढे २००८ मध्ये इटलीच्या प्रकरणात सरकारांनी हे तोलणं परत आणायचा प्रयत्न केला, तोही फसला.

आता भारताकडे. १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखालचा हद्दपारीचा अधिकार अमर्याद ठरवला, आणि तो निकाल आजही सरकारी वकिलांच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर असतो. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारताना भारताने परकीयांच्या हद्दपारीबाबत आपलाच कायदा लागू करण्याचा हक्क राखून ठेवला. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की कलम २१, म्हणजे जीविताचा हक्क, परकीयांनाही आहे. त्या आधारावर १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकींची आणि मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांची बाजू घेतली. त्याच्या महिनाभर आधी, ८ एप्रिल २०२१ रोजी, जम्मूतल्या रोहिंग्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने वेगळा धागा धरला: हद्दपार न होण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काला, म्हणजे कलम १९ ला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा. माझ्या मते गोची नेमकी इथे आहे. राहण्याचा हक्क मागणं वेगळं आणि ‘छळ होईल तिथे नका पाठवू’ म्हणणं वेगळं. दुसरं मागणारा इथे कायम राहू द्या असं म्हणतच नाही.

पुण्यातल्या कुणावर अशी वेळ आली तर त्याला मुंबई उच्च न्यायालयात रिट दाखल करावी लागेल. गुजरात, मणिपूरचे निकाल तिथे दाखवता येतात, पण ते बंधनकारक नसतात. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या परकीय नागरिक कायद्याने जुने चार कायदे एकत्र केले, मात्र छळाचा धोका तपासण्याचं कलम त्यातही नाही. त्यासोबत निघालेल्या आदेशात शेजारी देशांतल्या काही अल्पसंख्याकांना, तिबेटींना आणि नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना सूट आहे. सुदानचा किंवा येमेनचा विद्यार्थी त्या यादीत नाही.

छळविरोधी करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही. छळबंदी विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये परत शिफारस केली. याचं मोल भारत सरकार स्वतःच मोजतं आहे. पुरुलिया शस्त्रप्रकरणातला (१९९५ मध्ये बंगालमध्ये विमानातून शस्त्रं टाकल्याचं प्रकरण) आरोपी नील्स होल्क ऊर्फ किम डेव्ही याला डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये भारतात पाठवू दिलं नाही. कारण दिलं, छळाचा धोका. विजय मल्ल्याच्या खटल्यात २०१८ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला, तोही दिवसाच्या उजेडात काढलेला. तिथे निकाल भारताच्या बाजूने लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र शस्त्रदलाल संजय भंडारीला लंडनच्या उच्च न्यायालयाने सोडलं. तिहारमध्ये इतर कैद्यांकडून किंवा खुद्द अधिकाऱ्यांकडून खंडणीसाठी मारहाण होण्याचा खरा धोका आहे, असं त्या निकालात नोंदवलं आहे.