सोलर लावलं तरी मुंबईचा कोळसा लगेच का सुटत नाही

पावसाळ्यात अर्धी मुंबई लोणावळ्याला जाते, वळवण धरणाशी गाडी थांबवून फोटो काढते, भाजलेलं कणीस खाते आणि परत येते, पण हे धरण मुंबईच्या विजेसाठी बांधलंय आणि तेही शंभर वर्षांपूर्वी, हे त्यातल्या फार कमी जणांना माहीत असतं. (भुशी डॅम वेगळा बरं का, तो रेल्वेचा, वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून बांधलेला.) लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांचं पाणी जाडजूड पाईपांमधून घाट उतरून खोपोलीला येतं, तिथे टर्बाइन फिरवतं आणि पुढे पाताळगंगेत जातं, आणि हे १९१५ पासून चालू आहे. मग १९२२ ला भिवपुरीचं आणि १९२७ ला भिऱ्याचं असंच केंद्र. गिरण्या कोळशावर चालायच्या, शहरभर धूर असायचा, म्हणून जमशेटजी टाटांच्या डोक्यात ही कल्पना आली होती, पण ते १९०४ लाच गेले आणि प्रत्यक्ष काम पुढच्या पिढीने केलं. म्हणजे आज आपण ज्याला रिन्यूएबल (न संपणारी वीज) म्हणून नवीन समजतो ते मुंबईत लोकलच्या विजेच्या इंजिनांच्याही आधी आलंय, कारण विजेवरची पहिली लोकल व्हीटी ते कुर्ला धावली ती १९२५ ला.

आता हे पाणी एवढं कामाचं का, तर उंचीमुळे. लोणावळा ते खोपोली पाणी साधारण ५०० मीटर खाली येतं. गच्चीवर असते तशी १००० लिटरची टाकी एवढ्या उंचीवरून खाली आणली तर हिशोबाने १.३ युनिटच्या वर वीज निघते, नुकसान वजा करून हातात एक-सव्वा युनिट धरा. एक अख्खी टाकी रिकामी करून एक युनिट, म्हणजे दीड टनाचा एसी तासभर चालला की संपलं! ऐकायला कमी वाटतं, पण सह्याद्रीवर जो पाऊस कोसळतो त्याच्या पुढे टाक्यांचा हिशोब कोण ठेवणार. एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्याला पेल्टन चाक लावतात, म्हणजे नोझलमधून पाण्याचा जोरदार फवारा वाट्यांसारख्या पात्यांवर मारायचा आणि चाक फिरवायचं.

चाक फिरलं की पुढचं सगळीकडे सारखंच आहे, आणि हे मला शाळेत कोणी नीट सांगितलं नाही. कोळसा असो, गॅस असो, अणुऊर्जा असो, धरण असो की पवनचक्की, शेवटी एक लोहचुंबक तारांच्या वेटोळ्यात फिरवायचा, की तारेत करंट तयार होतो, फॅरेडेने १८३१ ला दाखवलं तेच. फरक एवढाच की फिरवणार कोण. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, त्या वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरतं. कोळशातल्या उष्णतेतला जेमतेम तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त विजेत उतरतो, बाकीची उष्णता समुद्राच्या पाण्यात आणि चिमणीतून हवेत जाते. बाहेरून येणारा चांगला कोळसा असेल तर एका युनिटला साधारण अर्धा किलो लागतो, देशी कोळशात राख जास्त म्हणून पाऊण किलोपर्यंत. गॅसचं स्टेशन यापेक्षा बरं, कारण तिथे आधी गॅस जाळून एक टर्बाइन फिरवतात आणि त्याच गरम धुरावर वाफ करून दुसरं फिरवतात.

कोळसा नॉन-रिन्यूएबल का, तर तो बनायला लागलेला वेळ बघा. आपल्याकडचा बहुतेक कोळसा गोंडवन काळातल्या झाडांचा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोरही तेव्हा नव्हते. दलदलीत पडलेली झाडं गाळाखाली दबली, हवा न मिळाल्यामुळे नीट कुजली नाहीत, वरचं ओझं वाढत गेलं आणि उष्णता व दाबाने त्यांचा कोळसा झाला, आणि तो आपण काही पिढ्यांत जाळतोय. मुंबईच्या पायाखाली मात्र साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड आहे, त्यामुळे आपल्याला कोळसा जहाजाने नाहीतर रेल्वेने आणावाच लागतो. तेल मात्र समुद्रात सापडलं, किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, १९७४ ला सागर सम्राट या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने बॉम्बे हायला, आणि तिथला गॅस उरणला उतरतो. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे, देशातलं पहिलं. तिथे धूर नाही, कार्बन नाही, तरी युरेनियम जमिनीतूनच काढायचं असल्यामुळे तेही संपणाऱ्यातच धरतात. स्वच्छ आणि न संपणारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या सर्रास एकच समजतात.

आणि न संपणारं म्हणजे फुकटचं असंही नाही. भिऱ्याला पाणी देणारं मुळशीचं धरण झालं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, १९२१ ला तिथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. मुळात हे पाणी पूर्वेला भीमेच्या खोऱ्यात जाणारं, ते आपण पश्चिमेला कोकणात वळवलंय, म्हणून दुष्काळ पडला की हा विषय पुन्हा निघतोच. भीमेच्या खोऱ्यातल्या लोकांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

सोलरची गोष्ट वेगळी, तिथे काहीच फिरत नाही. पॅनेलमध्ये सिलिकॉनचे दोन थर असतात, एकात थोडी एक भेसळ आणि दुसऱ्यात दुसरी, मुद्दाम केलेली, त्यामुळे दोघांच्या सीमेवर एक कायमचं विद्युत क्षेत्र तयार होतं. उन्हाने इलेक्ट्रॉन सुटा झाला की ते क्षेत्र त्याला एकाच दिशेला ढकलतं, आणि असे असंख्य इलेक्ट्रॉन मिळून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट. इन्व्हर्टर त्याचा एसी करंट (सतत दिशा बदलणारा, आपल्या घरातल्या विजेसारखा) करतो आणि तो घरात जातो. पॅनेलवर पडलेल्या उन्हापैकी विसेक टक्के विजेत येतं, बाकी उष्णता. आणि गंमत म्हणजे पॅनेलला ऊन हवं पण गरमी नको, तापला की दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मुंबईत वर कबुतरं आहेतच, पॅनेल धुवायचा माणूस ठरवल्याशिवाय सोलर लावू नका.

एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. समजा एका टॉवरची गच्ची चार हजार फुटांची आहे, त्यातली अर्धी टाक्या आणि लिफ्टरूमने खाल्ली, तर उरतात वीस किलोवॅट, म्हणजे दिवसाला ऐंशी युनिट. पंप, लिफ्ट आणि पॅसेजचे दिवे यांना त्याचा चांगला हातभार लागेल, सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल खाली येईल, पण त्याच बिल्डिंगमधल्या ऐंशी फ्लॅटांचे एसी त्यावर चालणार नाहीत. तीन मजली जुन्या चाळीला हे गणित उलट जास्त चांगलं जमतं, वर छप्पर तेवढंच आणि खाली माणसं कमी.

पण खरी अडचण जागेची नाही, वेळेची आहे. वीज ही जितकी लागेल तितकीच त्याच क्षणी तयार करावी लागते. ग्रिडची, म्हणजे सगळी केंद्रं आणि लाईनी जोडलेल्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झला ठेवायची तर तुम्ही गीझर लावला की कुठेतरी कोणीतरी तेवढी वीज वाढवायलाच हवी. मुंबईची मागणी उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये चार हजार मेगावॅटच्या आसपास जाते आणि त्यातली बरीच बाहेरून मोठ्या लाईनींवरून येते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी कळवा-पडघा भागातल्या लाईनी एकामागोमाग बंद पडल्या आणि लोकल, ट्रॅफिक सिग्नल, ऑफिसं सगळं ठप्प. अशा वेळी मुंबईने ग्रिडपासून तुटून स्वतःच्या विजेवर चालायचं अशी जुनी सोय आहे, पण शहराच्या आतली निर्मिती मागणीपेक्षा खूपच कमी होती, त्यामुळे तीही टिकली नाही.

म्हणून सोर्स बघताना पहिला प्रश्न हा विचारावा की हा बोलावल्यावर येतो का. सोलर दुपारी भरपूर, संध्याकाळी सातला शून्य, आणि जुलैमध्ये ढगांमुळे दिवसाही अर्धवट. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उलट पावसाळ्यात जोरात, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते, पण वारा पडला की त्याही गप्प. कोळसा बोलावल्यावर येतो पण सावकाश, थंड पडलेला बॉयलर तापवून पूर्ण ताकदीवर आणायला कित्येक तास लागतात. धरण मात्र झडप उघडली की काही मिनिटांत. रिन्यूएबल असून हुकमी, असं फार थोड्यांचं असतं, आणि मुंबईकडे ते शंभर वर्षं आहे.

भिऱ्याला याच्यापुढची एक सोय आहे, १५० मेगावॅटचं पंप्ड स्टोरेज. सोसायटीचा पंप रात्री पाणी वर चढवतो आणि सकाळी आपण ते वापरतो, तसंच, फक्त तिथे खाली येताना तेच पाणी वीज देतं. मागणी कमी असताना ग्रिडची उरलेली वीज वापरून पाणी वर, मागणी वाढली की खाली. आता शिरवटा आणि भिवपुरीला मिळून २८०० मेगावॅटची अशी केंद्रं उभारायचा करार २०२३ ला टाटा पॉवर आणि राज्य सरकारमध्ये झालाय. दुपारचं राजस्थान-गुजरातचं स्वस्त सोलर तिथे पाणी वर चढवायला वापरता येईल आणि संध्याकाळी सात वाजता, सगळे घरी येऊन एसी लावतात तेव्हा, ते पाणी खाली सोडता येईल. यात शंभर युनिट घालून परत पंचाहत्तर-ऐंशीच मिळतात, मधली वीस-पंचवीस पंप, पाईप आणि टर्बाइनमध्ये जातात, आणि त्यांचा खर्च बिलात कसा लावायचा ते वीज नियामक आयोगाला ठरवावं लागेल.