ब्लूटूथचं व्हर्जन वेगळं, कोडेक वेगळा

फोन एका कंपनीचा आणि इअरबड्स दुसऱ्या कंपनीचे घ्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "व्हर्जन जुळेल ना?" फोनमध्ये 5.0 आहे, बड्सवर 5.3 लिहिलंय, मग आवाज नीट येईल का? आणि त्याला तितकंच ठरलेलं उत्तर मिळतं: "5.3 घे, आवाज भारी येतो." हे उत्तर चुकीचं आहे. तरी ते इतक्या खात्रीने दिलं जातं की लोक त्यावर पैसे खर्च करतात, म्हणून मला ते खटकतं.

व्हर्जनबद्दल फार सांगायला नको, खोक्यावर तेच सगळ्यात ठळक छापलेलं असतं. नवं व्हर्जन जुन्याशी जुळवून घेतं. 5.3 चे बड्स 4.2 च्या फोनलाही जोडले जातात आणि गाणी वाजतात. विषय संपला.

खरा गोंधळ पुढे आहे. ब्लूटूथ 5.0 डिसेंबर 2016 मध्ये आलं तेव्हा ‘दुप्पट वेग, चौपट पल्ला’ असा गाजावाजा झाला. ते खोटं नव्हतं, पण ते होतं ब्लूटूथ लो एनर्जीबद्दल, म्हणजे मनगटावरचे बँड, सेन्सर असली उपकरणं ज्या कमी विजेच्या मार्गाने बोलतात त्याबद्दल. आपली गाणी अजूनही बहुतेक वेळा ब्लूटूथ क्लासिक या जुन्या मार्गाने जातात. त्या मार्गाचा वेग 2004 च्या 2.0 व्हर्जनमध्ये वाढला, 5.0 ने त्याला हात लावला नाही. नव्या बड्सची बॅटरी जास्त टिकत असेल, जोडणी कमी तुटत असेल, तर ते श्रेय आतल्या नव्या चिपचं आणि अँटेनाचं. आकड्याने आवाज बदलत नाही.

आवाजाशी संबंध आहे तो कोडेकचा. सीडीच्या दर्जाचं गाणं जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट लागतात. हवेतून अखंडपणे एवढा भार नेणं या जोडणीला झेपत नाही, म्हणून फोन गाणं दाबून लहान करतो आणि बड्स ते पुन्हा उलगडतात. दाबण्या-उलगडण्याची ही ठरलेली रीत म्हणजे कोडेक. एसबीसी नावाचा कोडेक साधारण 328 किलोबिटपर्यंत जातो, एएसी बहुधा 256 च्या आसपास असतो, सोनीचा एलडॅक 330, 660 किंवा 990 वर चालतो. एकाच गाण्याचे हे वेगवेगळे गठ्ठे आहेत आणि कुठला गठ्ठा निघणार हे व्हर्जनचा आकडा ठरवत नाही.

मग कोण ठरवतं? फोन आणि बड्स, दोघं मिळून. जोडणी होताना दोन्ही बाजू आपापल्याला येणारे कोडेक सांगतात आणि दोघांना येतो असा एक निवडला जातो. काहीच जुळलं नाही तर एसबीसी आहेच, तो प्रत्येकाला यायलाच हवा असा नियम आहे. म्हणून कुठल्याही कंपनीचे बड्स कुठल्याही फोनवर वाजतात, आणि म्हणूनच ‘वाजतंय म्हणजे सगळं जुळलं’ हा समज पक्का होतो. एलडॅकचे महागडे बड्स आयफोनला जोडले तर एलडॅक वाया जातो, कारण आयफोनला एसबीसी आणि एएसी एवढेच येतात. सॅमसंगचा स्वतःचा कोडेक सॅमसंगच्याच फोनवर मिळतो. एलडॅक मात्र 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून अँड्रॉइडच्या मूळ संचात आहे, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कितीतरी फोनमध्ये तो सापडतो.

माझ्या मेहुण्याने 5.0 चे चांगले बड्स कपाटात टाकून 5.3 चे घेतले आणि म्हणाला, "भावजी, आवाज उलट पातळ वाटतोय." त्याच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले आणि ‘ब्लूटूथ ऑडिओ कोडेक’ची ओळ बघितली. नवे बड्स: एसबीसी. कपाटातले काढून जोडले: एएसी. आकडा वाढला होता, कोडेक मात्र सगळ्यांना यायलाच हवा त्या एसबीसीवर आला होता. सगळा दोष कोडेकचाच होता असं मी म्हणणार नाही. आतला स्पीकर कसा आहे आणि रबराची टोपी कानात किती घट्ट बसते, यांनी याहून जास्त फरक पडतो. चांगल्या बड्सवरचा एसबीसी मला सुमार बड्सवरच्या एलडॅकपेक्षा केव्हाही चालेल.

एका ठिकाणी मात्र दोन्ही गोष्टी खरोखर एकत्र येतात. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत गाणं लो एनर्जीच्या मार्गाने जातं, एलसी3 हा कोडेक वापरतं आणि त्यासाठी किमान 5.2 लागतं. पण उलटं खरं नाही. 5.2, 5.3 किंवा 5.4 लिहिलंय म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नाही, कारण तो देणं कंपनीवर बंधनकारक नाही. ‘एलई ऑडिओ’ हे शब्द फोन आणि बड्स दोघांच्याही माहितीत स्पष्ट दिसले तरच तो आहे असं धरा.

आणि कॉलवर आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा का होतो, याचाही व्हर्जनशी संबंध नाही. क्लासिक मार्गावर माइक सुरू झाला की जोडणी गाण्यांची व्यवस्था सोडून कॉलच्या व्यवस्थेवर जाते, तिचे कोडेक वेगळे असतात आणि ते फक्त बोलणं कळण्यापुरते केलेले असतात. तिथे एलडॅकही उपयोगाचा नाही. व्हिडिओ मीटिंगमध्ये मी बड्स कानातच ठेवतो आणि माइक फोनचा निवडतो. अ‍ॅपने ती सोय दिली असेल तर समोरच्याचा आवाज लगेच मोकळा होतो.