केवड्याचा वास, नाग आणि वाफ

श्रावण लागला की कोकणातल्या बाजारांत केवड्याची कणसं दिसू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग ती जुनी ताकीदही ऐकू येते: केवड्याच्या बेटात शिरू नये, वासाला नाग येतो. ताकीद योग्यच आहे. तिचं कारण तेवढं चुकीचं आहे.

केवड्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. घमघमाट येतो तो नर झाडाच्या कणसाला. पिवळसर पांढऱ्या लांबट पात्यांच्या आत परागकणांनी भरलेले तुरे असतात. आपण देवाला वाहतो, केसांत माळतो ते हेच. मादी झाडाला अननसासारखं दिसणारं, पिकल्यावर नारिंगी होणारं फळ धरतं, पण तो घमघमाट तिच्याकडे नाही. नाग वासाला येत असता तर तो नर बेटांतच दिसला असता, आणि तोही कणसं उमलतात तेवढ्याच दिवसांत. सापांना मात्र नर बेट काय नि मादी बेट काय, दोन्ही सारखीच.

खरं कारण जमिनीवर आहे. केवडा वाढतो पुळणीच्या कडेला, खाडीच्या बांधावर, व्हाळाच्या काठी. खोडातून आधारमुळं सुटलेली, वाळकी पाती खाली लोंबत राहिलेली, आत ऊन म्हणून शिरत नाही. शेजारी भाताचे कुणगे असले की उंदीर आणि बेडूक भरपूर. दडायला जागा आणि खायला भक्ष्य, दोन्ही एकाच ठिकाणी. साप जिभेने हवेतले आणि जमिनीवरचे कण टिपून टाळूतल्या जेकबसन इंद्रियाकडे नेतो आणि त्यावरून उंदराचा माग काढतो. केवड्याचा सुगंध त्याच्या काय कामाचा? म्हणून कणीस काढण्याआधी काठीने बेट चांगलं झोडपावं, पायांत गमबूट घालावेत आणि लांब दांड्याची आकडी वापरावी. केवड्याच्या पानाला काट्यांच्या तीन ओळी असतात: दोन कडांना आणि तिसरी मधल्या शिरेला, खालच्या बाजूने. नवखा माणूस कडा सांभाळतो आणि या तिसऱ्या ओळीवर हात फाडून घेतो.

पुराणकथेत केतकीने ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली, म्हणून ती शंकराच्या पूजेतून बाद झाली. पण त्याच शंकराच्या मुलाला, गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत केवड्याचं पान आहे. पत्रीसाठी लोक कोवळा शेंडा छाटतात, तो छाटू नये. केवड्याचा फुलोरा फांदीच्या टोकालाच येतो. शेंडा गेला की त्या फांदीचं कणीसही गेलं. खालचं एखादं जून पान काटे तासून घेतलं तरी पूजेला चालतं.

आता वासाकडे. केवड्याच्या तेलाचा निम्म्याहून बराच जास्त भाग एकाच पदार्थाचा असतो: फिनाइलइथाइल मिथाइल ईथर. गुलाबाच्या वासात आणि बकुळीच्या, म्हणजे आपल्या ओवळाच्या वासात मोठा वाटा असतो तो फिनाइलइथाइल अल्कोहोलचा. दोन्ही रेणू जवळजवळ सारखे. अल्कोहोलमध्ये ऑक्सिजनला हायड्रोजनचा एक अणू चिकटलेला असतो. केवड्याच्या रेणूत त्या जागी एक कार्बन आणि तीन हायड्रोजन असा मिथाइल गट येतो. एवढाच फरक, पण वागणं पार बदलतं. ऑक्सिजनला लागून असलेला तो हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, त्यामुळे अल्कोहोलचे रेणू एकमेकांचे हात धरून बसतात. ईथरच्या रेणूंना ती सोय नाही. परिणाम असा, की 122 रेणुभाराचं हलकं अल्कोहोल 220 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं आणि 136 रेणुभाराचं जड ईथर मात्र 190च्या आसपासच. जड असूनही ते सहज उडतं. केवडा पडवीत ठेवला तरी माजघरात कळतो तो यामुळे, आणि वाऱ्यावर ठेवलेलं कणीस बघता बघता ओसरतं तेही यामुळेच. कपाटात ठेवायचा तर पातं सुती फडक्यात गुंडाळून बंद डब्यात ठेवावं. विड्याचा कात केवड्याच्या पात्यांत बांधून ठेवायची रीत आहे, तिथेही वास कोंडून धरणं हेच साधलेलं असतं.

केवड्याचं तेल काढतात ते कणसं पाण्यात उकळून, वाफेबरोबर. पण मग 190 अंशांना उकळणारं तेल 100 अंशांच्या पाण्याबरोबर कसं निघतं? कुठलाही द्रव उकळतो तो त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, म्हणजे पाऱ्याच्या 760 मिलिमीटरएवढा झाला की. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोघं आपापला दाब स्वतंत्रपणे लावतात आणि ते दाब बेरजेत जातात. 98 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे 707 मिलिमीटर असतो. वरच्या पन्नासेकांची भर तेलाने घातली की मिश्रण तिथेच उकळू लागतं. तेलाला एकट्याने 190पर्यंत चढावंच लागत नाही, पाणी त्याचा बराचसा भार उचलतं. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यात केवड्याचा मोठा धंदा याच तत्त्वावर चालतो: तांब्याच्या देगीत कणसं आणि पाणी, वाफ नळीतून थंड पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे ती निवून जमते त्या भांड्यात, आणि अत्तर हवं असेल तर भपक्यात आधीच चंदनाचं तेल.

घरी केवडाजल काढता येतं. ताजं, सकाळी काढलेलं एक कणीस घ्यावं. बाहेरची हिरवी पाती टाकून द्यावीत, आतली पांढरी पाती आणि तुरे कात्रीने बारीक करावेत. रुंद पातेल्यात एक लिटर पाणी, मध्ये स्टीलची कडी आणि तिच्यावर वाटी. कापलेला केवडा वाटीभोवती पाण्यात. वर घुमटाकार झाकण उलटं ठेवावं, म्हणजे थेंब मधल्या टोकावरून वाटीत पडतात. सपाट झाकणाने ते कडेला ओघळतात आणि सगळी मेहनत परत पातेल्यात जाते. कडेची फट भिजवलेल्या कणकेने बुजवावी, झाकणात बर्फ भरावा, आच मंद. 150 मिलिलिटर जमवायला जवळजवळ किलोभर बर्फ वितळतो, कारण वाफेची सगळी उष्णता त्यालाच पोटात घ्यावी लागते. तेवढा बर्फ आधीच काढून ठेवावा. तो संपला की वाफ फटींतून निसटते आणि वास स्वयंपाकघरभर होतो, वाटीत राहत नाही.

150 मिलिलिटर झाले की थांबावं. एका कणसातलं तेल अगदी थोडं, ते पहिल्या वाफेबरोबरच निघून जातं. पुढे तापमान 100वर चढतं आणि नुसतं पाणी येतं, शिजलेल्या पाल्याचा वास घेऊन. आच मोठी केली तर पाणी उसळून वाटीत पडतं आणि रंग हिरवट होतो. हे पाणी उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावं आणि दोन आठवड्यांत खीर-सरबतात संपवावं. तंतू किंवा गढूळपणा दिसला तर टाकून द्यावं. या पाण्याने घरातली नकारात्मक ऊर्जा जाते असं सांगून बाटल्या विकणाऱ्यांपासून दूर राहावं. ऊर्जा मोजता येते. ही कोणी मोजून दाखवलेली नाही.

केवडा लावायचा असेल तर बी रुजवू नये. झाड नर की मादी हे फुलोरा येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि त्याला वर्षं लागतात. नर झाडाच्या बुंध्याजवळचा, मुळं सुटलेला फुटवा काढून लावला तर तो नरच निघतो. अडचण एवढीच, की फुटवा लावायचा जूनमध्ये आणि कणीस दिसतं श्रावण-भाद्रपदात. म्हणून आत्ताच, बेटात कणीस आहे तोवर, त्या खोडाला नायलॉनची रंगीत दोरी बांधून ठेवावी.